चंद्र राखाडी, मग चित्रातला जांभळा कुठून आला?

प्रश्न : मी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो असून गेली काही वर्षे रविवारी सकाळी गोदाघाटावर बसून जलरंगात निसर्गचित्रे काढतो. चंद्रावर जाऊन आलेले ॲलन बीन पुढे चित्रकार झाले, असे वाचनात आल्यावर त्यांची चित्रे संगणकावर पाहिली. त्यांत चंद्राची जमीन कुठे जांभळट, तर कुठे केशरी आहे. आमच्या गटातील एका ज्येष्ठ स्नेह्यांचे म्हणणे असे की, जो माणूस स्वतः तिथे उभा राहिला, त्याने तरी खोटे रंग भरायला नको होते. आपले मत कळवावे.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्या स्नेह्यांना एक विचारा. पहिल्या पावसानंतर घाटाच्या ओल्या पायऱ्या रंगवताना ते डबीतला काळा रंग तसाच लावतात का? बहुधा अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून ते तो काळा तयार करत असतील आणि कागद वाळला की त्यात जांभळी झाक उतरत असेल. त्याला कोणी खोटे म्हणत नाही. योगायोग असा की, आपल्या पायऱ्यांचा दगड बेसाल्ट आहे आणि बीन जिथे उतरले त्या ‘वादळांचा महासागर’ नावाच्या चंद्रावरच्या कोरड्या मैदानातला खडकही प्रामुख्याने बेसाल्टच आहे.

बीन यांचा जन्म १९३२ मध्ये टेक्ससमधला. विमानशास्त्राची पदवी घेऊन ते नौदलात वैमानिक झाले आणि नव्या विमानांची चाचणी घेण्याचे काम करत असतानाच रात्रीच्या चित्रकला वर्गाला जाऊ लागले. म्हणजे चित्रकला ही त्यांची निवृत्तीनंतरची हौस नव्हती. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ मोहिमेत चंद्रावर पाऊल ठेवणारे ते चौथे मानव ठरले. १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकात त्यांनी ५९ दिवस काढले आणि १९८१ मध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी, नासाची नोकरी सोडून दिली. नवे अंतराळयान चालवायला तरुण मंडळी पुरेशी आहेत, पण चंद्रावर पाहिलेले रंगवणारा दुसरा कोणी नाही, असा त्यांचा हिशेब होता. इंजिनिअर माणसाचा हिशेब म्हणून तो मला बिनतोड वाटतो. २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांच्या चित्रांचा मुख्य विषय चंद्र हाच राहिला.

आता रंगांविषयी. चंद्रावर हवा नाही. चामर लेणीचा डोंगर दूर दाखवायचा असला की आपण तो फिका आणि निळसर करतो, कारण मधली हवा आपल्याला तसा दाखवते. चंद्रावर लांबची टेकडीही पायाजवळच्या दगडाइतकीच रेखीव दिसते, आकाश भर दिवसा काळे असते आणि जमीन बहुतांशी राखाडी. एवढ्यावर चित्र उभे करायचे, तर ते छायाचित्राची फिकी नक्कल होण्याचा धोका होता. बीन यांचा आवडता चित्रकार मोने, म्हणजे सावलीतही रंग पाहणारा फ्रेंच चित्रकार, त्यामुळे राखाडीच्या पोटात उबदार आणि थंड छटा शोधण्याची वाट त्यांनी धरली. काही चित्रांत केशरी रंग जरा सढळ हाताने पडला आहे, हे मी मान्य करतो. पण सावलीची दिशा, पोशाखाच्या घड्या, उपकरणांची मांडणी यांत मात्र त्यांनी सूट घेतलेली दिसत नाही.

त्यांची पद्धतही पाहण्याजोगी आहे. प्लायवूडवर जाड लेप द्यायचा, तो ओला असतानाच चंद्रावर वापरलेल्या हातोडीचे घाव त्यात उमटवायचे, चांद्रबुटाच्या तळव्याची नक्षी दाबायची आणि मग ॲक्रिलिक रंग चढवायचे. आपल्या अंतराळपोशाखावरचे कापडी बिल्ले कापून त्यांचे बारीक तुकडेही ते चित्रांत मिसळत, कारण त्या कापडात चंद्राची धूळ अडकलेली होती.

खोट्याचाच प्रश्न असेल, तर त्यांचे एक चित्र जरूर पाहा. सर्व्हेअर ३ हे १९६७ मध्ये उतरलेले मानवरहित यान त्यांच्या तळापासून सुमारे १६० मीटरवर होते. त्याच्यासमोर आपण आणि सहकारी पीट कॉनरॅड असे दोघांचे छायाचित्र घ्यायचे, म्हणून बीन यांनी कॅमेऱ्यासाठी आपोआप कळ दाबणारे एक छोटे यंत्र गुपचूप सोबत नेले होते. ऐन वेळी ते दगडांच्या पिशवीत सापडलेच नाही. पुढे बीन यांनी तो प्रसंग रंगवला आणि ‘आम्ही कधीच न काढलेले झकास छायाचित्र’ अशा अर्थाचे नाव त्याला दिले. न घडलेली गोष्ट न घडलेली म्हणूनच सांगणारे हे चित्र आपल्या स्नेह्यांच्या कसोटीवर कुठे बसते, ते त्यांनीच ठरवावे.

प्रश्न : कोणी अंतराळात जाण्याआधीही अशी चित्रे निघत होती का? आणि प्रत्यक्ष अंतराळात पहिले चित्र कोणी काढले?
– एक कलाशिक्षिका, पंचवटी

उत्तर : निघत होती. अमेरिकेचे चेस्ली बोनस्टेल यांनी टायटन या शनीच्या उपग्रहावरून दिसणाऱ्या शनीचे चित्र १९४४ मध्येच प्रसिद्ध केले होते. त्यांनी रंगवलेले चंद्रावरचे डोंगर मात्र सुळक्यांचे होते. प्रत्यक्षात ते गोलाईदार निघाले. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह. १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर पडून अंतराळात तरंगणारे हे पहिले मानव. त्याच उड्डाणात त्यांनी कक्षेतून दिसणारा सूर्योदय कागदावर उतरवला. रंगीत पेन्सिली तरंगत निघून जाऊ नयेत, म्हणून प्रत्येक पेन्सिल दोऱ्याने मनगटाच्या पट्टीला बांधलेली होती.