खिळे भंगारात देऊ की पोरीसाठी ठेवू?

प्रश्न: नमस्कार ताई. मालवणला आमचा छोटा छापखाना होता, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशावताराची हँडबिलं अशी कामं. ऑफसेट आलं, मग डिजिटल, आणि आमचं बंद पडलं. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या (छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) केसेस, म्हणजे खणांच्या लाकडी पेट्या, पडून आहेत, भंगारवाला किलोवर मागतोय. बाबा स्वतः कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवून मजकूर तयार करणारे, ते म्हणतात, "ह्यां आता कोणाच्या कामाचां नाय." मुलगी मुंबईला डिझाइन शिकते, ती म्हणते विकू नका. सगळं कॉम्प्युटरवर होतं, मग यातून ती शिकणार काय?
– एक वाचक, मालवण

उत्तर: दादा, भंगारवाल्याला आधी थांबवा, बाकीचं सावकाश वाचा.

मुलगी स्क्रीनवर दोन ओळींतलं अंतर वाढवते तेव्हा फक्त एक आकडा बदलते. खिळ्यांमध्ये तेच अंतर म्हणजे शिशाची पट्टी, बाबा तिला लेड म्हणत असतील, ती उचलून ओळींमध्ये सरकवावी लागते, इंग्रजीतला लेडिंग शब्द तिथूनच आलाय. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा धातूचा तुकडाच. कोरी जागा आपोआप उरत नाही, ती कोणीतरी ठेवावी लागते, हे बोटांना एकदा कळलं की पोरं पोस्टरचा कोपरान्‌कोपरा भरत सुटत नाहीत.

पण मशीनपेक्षा मला तुमच्या देवनागरी केसेस जास्त मोलाच्या वाटतात. इंग्रजीचं दोन केसेसमध्ये भागतं, अप्पर केस आणि लोअर केस ही नावं त्यावरूनच पडली. आपल्याकडे अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, उकार, रफार, सगळं धरून शेकडो खिळे होतात. तिला फक्त 'मूर्ती' जुळवायला सांगा. खिळे जुळवायची स्टिक, म्हणजे हातात धरायचा छोटा साचा, डाव्या हातात, अंगठा शेवटच्या खिळ्यावर, अक्षरं सगळी उलटी. म खाली दीर्घ उकार बसवेपर्यंत ठीक चालतं, पण 'त'वर वेलांटी आणि रफार एकाच जागेला भिडतात, मग दोन्ही एकत्र ओतलेला खिळा केसमध्ये शोधत बसायचं. त्या शोधण्यात तिला आपली लिपी जशी दिसेल तशी कीबोर्डवर कधीच दिसणार नाही. 12 पॉइंटची देवनागरी 12 पॉइंटच्या इंग्रजीशेजारी बारीक का वाटते तेही तिथेच कळतं, कारण वर वेलांटी आणि खाली उकार दोन्ही त्याच उंचीत मावायला हवेत.

आणि हे आपल्याच किनाऱ्यावरचं आहे हो. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्यात आला, पण 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्तावरचं काव्य, गोव्यातल्याच रायतूरला छापलं ते मराठी असून रोमन लिपीत, देवनागरी खिळे हाताशी नव्हते म्हणून. म्हणून त्या केसेस किलोवर जाणार म्हटलं की मला खरंच कसंतरी होतं.

एक काळजी मात्र घ्या. खिळे म्हणजे मुख्यतः शिसं, त्यात अँटिमनी आणि कथील. आपल्या दमट हवेत, बंद लाकडी केसमध्ये त्यावर पांढरी पूड धरते, ती विषारी. फुंकर मारू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका, ते खिळे वेगळे काढा. हात साबणाने धुतल्याशिवाय खाणंपिणं नाही, लहान मुलं लांब, आणि घरी वितळवायचं तर नावच काढू नका.

मशीन चालू होत असेल तर उत्तमच, आजही कॉम्प्युटरवरच्या डिझाइनची फोटोपॉलिमर प्लेट, म्हणजे प्लॅस्टिकचा उठावाचा ठसा, करून ट्रेडलवर पत्रिका छापणारे आहेत. जागाच नसेल तर मशीन एखाद्या कला महाविद्यालयाला विचारा. पण केसेस कोणालाही देण्याआधी एक काम करा, कुठल्या खणात कुठला खिळा ते बाबांच्या हाताला पाठ असणार, तो नकाशा कागदावर उतरवून घ्या. खिळे एकदा मिसळले आणि सांगणारं कोणी नसलं तर केस लावणं महाकठीण. चतुर्थीला मुलगी घरी येईलच, बाबांना केसपुढे बसवा, तिला वही द्या, आणि प्रत्येक खणाचा फोटो काढायला सांगा.