समजूत कोणाची घालू?

आप्पा,

यावल तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेकीची नीट एकदा हुकली, केळीचे पैसे लातूरच्या क्लासात गेले, आणि आता ती म्हणते, ‘मेडिकल नको, एन्झाइमची रचना शिकायचीय.’ एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं झपाट्याने उरकणारं प्रथिन. तुम्ही लिहिता, तिची समजूत घाला.

मार्कांचं मला काही वाटलं नाही. पण तिने भिंतीवर लावलेले त्या एन्झाइमचे कागद तुम्ही फाडून चुलीत घातले, आणि वर ‘भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा नाही’ म्हणता! भाऊबंद तिच्या जागी अभ्यासाला बसणार आहेत का? क्लास तुम्ही ठरवला होता. ती फी तिच्या नावावर उधारी म्हणून मांडू नका.

ते कागद कशाचे होते, विचारलंत कधी? कपाशीवर फवारणी करताना तिच्या काकांना विषबाधा झाली, हे तुम्हीच लिहिलंय. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं जे एन्झाइम निकामी करतात तेच हे, ॲसिटिलकोलिनएस्टरेज. नस स्नायूला निरोप देते तो ॲसिटिलकोलिन या रसायनातून. काम झालं की हे एन्झाइम ते रसायन तोडतं. 1991 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतले जोएल ससमन, इस्राएल सिलमन आणि सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली. एन्झाइम घेतलं होतं विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाचं. आत अरुंद, खोल विहिरीसारखी जागा, आणि तोडायचं काम चालतं तळाशी. फवाऱ्याचं औषध नेमकं त्या तळाला चिकटतं, मग निरोप थांबतच नाहीत. बाहुल्या बारीक होतात, तोंडाला फेस येतो, श्वास कोंडतो. घरात घडलेलं समजून घेऊ पाहणारी पोरगी वाया गेली म्हणता?

आता पोरी, आप्पांच्या पत्राखाली तू लिहिलेल्या चार ओळींबद्दल. ‘गणित नको म्हणून अकरावीलाच सोडलं, या विषयाला ते लागत नाही ना?’ लागतं. एन्झाइम शरीरात स्फटिक होऊन बसलेलं नसतं. ते शुद्ध करून, नाना द्रावणांत ठेवून त्याचे स्फटिक पाडावे लागतात. कधी महिने जातात आणि हाती काही येत नाही. स्फटिकातून क्ष-किरण सोडले की मिळतात नुसते ठिपके. त्यांवरून अणूंच्या जागा काढायच्या त्या गणिताने. रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेसाठी 2009 चं नोबेल मिळालेल्या वेंकी रामकृष्णन यांची पीएचडी भौतिकशास्त्रातली आहे. गणिताच्या भीतीने इकडे वळत असशील, तर येऊ नकोस.

आयसर या विज्ञान संस्थांच्या प्रवेशासाठी आयएटी ही परीक्षा, नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या तशाच संस्थांसाठी नेस्ट. नाहीतर जळगावात बीएस्सी करून एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम परीक्षा. पीएचडी धरून दहाएक वर्षं जातील, आणि एवढ्याच एका एन्झाइमवर काम मिळेल असं धरून चालू नकोस.

आप्पा, नीटचा फॉर्म भरला असेल तर देऊ दे तिला. भौतिक, रसायन, जीवशास्त्राचा अभ्यास तिकडेही कामी येतो. आयएटीत मात्र गणिताचेही तेवढेच प्रश्न असतात. अकरावी-बारावीच्या गणिताची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिला या आठवड्यातच छापून आणून द्या.