जुन्या मॅन्युअल (हातानं फोकस करायच्या) लेन्स स्वस्तात मिळतात, घ्याव्यात का?

मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर बिनधास्त घ्या. माझ्याकडे रशियन हेलिओस ४४-२ आहे, ५८ एमएम, एफ/२. एम४२ चुडीची (४२ एमएमचे आटे, फिरवून बसवायची), साध्या अडॅप्टरवर, म्हणजे लेन्स अन् कॅमेरा जोडणाऱ्या कडीवर बसते. निकॉनच्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) मात्र घोळ होतो: लेन्स सेन्सरपासून मिलिमीटरभर जास्त लांब बसते, त्यामुळे आत काच बसवलेल्या अडॅप्टरशिवाय दूरचं फोकस होतच नाही.

घेताना मागून मोबाईलची बॅटरी मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, परत द्या. बारीक धूळ असली तर चालतंय. अ‍ॅपर्चरच्या (आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या) पात्यांना तेल लागलेलं नको. मी पहिली लेन्स न बघताच घेतली होती, ती आता पेपरवेट आहे.

ऑटोफोकस नाही, त्यामुळे लग्नाच्या ऑर्डरी असल्या लेन्सवर घेऊ नका; वरात थांबत नसते. पण जानेवारीत परभणीकडं हुरड्याला गेलो, आगटीचा धूर, समोरून कलतं ऊन. कॅमेऱ्यासोबत येते त्या नव्या किट लेन्सनं फोटो स्वच्छ आला, हेलिओसनं उन्हाची तिरीप फोटोभर पसरवली अन् मागची ज्वारी गरगर फिरल्यासारखी दिसली. आमच्या मामांना तोच आवडला.