गंजलेल्या पत्र्यावर पहिला टाका मारण्याआधी

भाऊ, गाडीच्या गंजावर थेट वेल्डिंगचा टाका मारू नको. स्क्रू-ड्रायव्हरने टोचत जा. टोक आत शिरतं तिथून पुढं, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून काढ. गाडीचा पत्रा जेमतेम ०.८ मिलिमीटरचा, रॉडच्या वेल्डिंगनं भोकच पडतं. मिग मशीन घे, म्हणजे गॅसच्या आडोशात तारेनं वेल्डिंग करणारं; तार ०.६ मिलिमीटरची. सलग ओढू नको. एक टाका इथं, दुसरा पार तिकडं, मध्ये गार होऊ दे. जळगावच्या मे महिन्यात कूलर लावायचा मोह होईल, पण त्या वाऱ्यानं गॅस उडतो, टाका जाळीदार होतो. मी पहाटेच बसतो. बॅटरीची तार आधी सोड, आतलं मॅटिंगही काढ. मी आळस केला होता. फोम धुमसला, बादलीभर पाणी गाडीत ओतलं. शेवटी झिंक प्रायमर, आतल्या बाजूनंसुद्धा.