फॉर्च्युनरला टायर घेताना

भाऊ, टायरची नक्षी नंतर बघा, आधी वजनाचं बघा. गाडी रिकामीच दोन टनांच्या आसपास, त्यात सात माणसं आणि टपावर सामान. टायरच्या कडेला '२६५/६० आर १८ ११० एच' असं काही असेल. त्यातला ११० म्हणजे एक टायर १,०६० किलो पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत चालतो. दुकानदाराने त्याच मापाचा पण ११० पेक्षा कमी आकड्याचा स्वस्त टायर दाखवला, तर सरळ नाही म्हणा.

आता एचटी (हायवेसाठीचा, म्हणजे डांबरी रस्त्याचा टायर) की एटी (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारा)? तुमचं चालवणं पुणे-मुंबई आणि कधीतरी महाबळेश्वर असेल, तर डोळे झाकून एचटी. आवाज कमी, मायलेज बरं, आणि पावसात घाटातल्या ओल्या डांबरावर ब्रेकही सहसा जास्त खात्रीचा. कोकणात गावच्या घरापर्यंत लाल चिखलाची वाट असेल, तर मात्र एटीच घ्या. तिथे एचटीच्या खाचा चिखलाने भरतात आणि टायर गोटा झाल्यासारखा नुसता फिरतो. मी एकदा रुबाबासाठी एमटी (खास चिखलासाठीचे, मोठ्या खाचांचे टायर) बसवले होते. हायवेवर बायको शेजारी बसून काय बोलते ते ऐकू येईना. (फायदा म्हणायचा का?)

कडेचे चार आकडेही वाचा. २३२४ म्हणजे टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. जुना माल घेऊ नका. स्टेपनीतली हवा तपासता ना?