नऊ वाजताचं पान

*काकू, नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, वय ३६. २०२० च्या मार्चमध्ये मी इथे भाड्याच्या खोलीत एकटी होते, ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवायची. माहेर गोंदियाकडचं. सगळं बंद झालं आणि घरी जाता आलं नाही. दिवसभर बोलायला कोणी नाही, सकाळी उठावंसंही वाटेना. म्हणून रोज रात्री नऊला एक पान लिहून व्हॉट्सअॅपवरच्या ब्रॉडकास्ट यादीला पाठवायला लागले. आधी दहा-बारा मैत्रिणी होत्या, त्यांच्या ओळखीपाळखीतून यादी शंभरावर गेली. उत्तरं यायची. रात्रीच्या पानासाठी मी दिवसभर डोळे उघडे ठेवायची. शेवटचं पान एप्रिल २०२१ चं. त्याच महिन्यात महालातले माझे मामा कोरोनाने गेले. २०२२ च्या जूनमध्ये मिहानच्या उद्योगनगरीत नोकरी लागली, नंबर बदलला, लग्न झालं, आता अडीच वर्षांची मुलगी आहे. नोकरी-संसारात लिहिणं सुटलं. या जानेवारीत ‘नवं वर्ष, नवी उमेद’ असं पान जुन्या यादीला पाठवलं. चौघींचे अंगठे आले, बाकी शांत. ‘तेव्हा तुलाही काम नव्हतं अन् लोकांनाही,’ असं हे म्हणतात. ती माणसं खरंच माझी होती का? आणि लोक मरत होते त्या दिवसांची मला आठवण येते, याची लाजही वाटते. पुन्हा लिहायची उमेद कुठून आणू? सोबत काही जुनी पानं जोडली आहेत.*

अगं, उमेदीचं नंतर पाहू. आधी नंबरचं बोलू.

ब्रॉडकास्ट यादीवरचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असतो. तुझा नंबर बदलला. नवा नंबर कितीजणींना कळवलास? पत्रात तरी तसं काही लिहिलेलं नाहीस. त्या जानेवारीच्या मेसेजची माहिती उघडून बघ, कोणाकोणाला पोचला ते तिथं दिसतं. माझा अंदाज असा की चार अंगठे ज्यांचे आले त्यांच्याकडे तुझा नवा नंबर आहे, आणि बाकी बायांना तू पुन्हा लिहायला लागलीस याचा पत्ताच नाही. शंभर जणींनी पाठ फिरवली असं समजून तू तीन महिने कुढत बसलीस, आणि त्यातल्या कित्येकींना वाटत असेल की ती नऊ वाजताची बाई कुठे गेली कोण जाणे.

हीच गोष्ट उलटीकडूनही बघ. २०२० मध्ये शंभरावर बायांनी, ज्यांनी तुझं तोंड पाहिलं नव्हतं त्यांनीसुद्धा, तुझा नंबर आपापल्या फोनमध्ये नाव घालून ठेवला, तेव्हा कुठे त्यांना पान जायला लागलं. आणि या यादीचं आणखी एक आहे. ग्रुपवर माणूस बोलतो ते चारचौघांना ऐकू जाईल अशा बेताने. यादीवरच्या पानाला उत्तर दिलं की ते एकट्या तुलाच येतं. त्यामुळे त्यांनी तुला जे लिहिलं ते दाखवण्यापुरतं नव्हतं. ती माणसं खरी होती का, या प्रश्नाचं माझ्याकडून एवढं उत्तर पुरे.

आता जानेवारीचं पान. रागावू नको, पण ते मीही अर्ध्यावर सोडलं असतं. ‘काळ कुणासाठी थांबत नाही’, ‘प्रत्येक अंधारानंतर उजाडतं’... असली वाक्यं सकाळी सहापासून सगळ्यांच्या फोनवर फुलांच्या फोटोसकट येऊन पडलेली असतात. त्यावर अंगठाच येणार, दुसरं काय येणार?

तू जोडलेल्या जुन्या पानांत मला सगळ्यात आवडलं ते कूलरचं. एप्रिलचा दुसरा आठवडा, ऊन चाळिशीच्या वर, दुकानं बंद, कूलरला लावायच्या नव्या ताट्या मिळायची सोय नाही. तुझ्या घरमालकीण आजींनी गच्चीवर टाकलेल्या गेल्या वर्षीच्या खसच्या ताट्या काढल्या, काठीने झोडपल्या, तर त्यातून मुंग्यांची वसाहत बाहेर पडली. मग दोघींनी मिळून त्या बादलीत बुडवल्या, सुतळीने बांधल्या, आणि मोटर सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं वास आला तो धुळीचा, मग ओल्या खसचा. ‘हे काय लिहून राहिली व बाई, ताट्यांवर कोणी लिहिते का?’ असं आजी म्हणाल्या तेही तू घातलं आहेस. आणि या पानाला किती उत्तरं आली ते बघ. चंद्रपूरच्या एका ताईंनी कळवलं की त्यांच्याकडे जुन्या ताट्याही नाहीत, त्यांनी गोणपाट भिजवून खिडकीला टांगलंय. सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरने लिहिलं की पीपीई किट उतरवल्यावर अंगाचं पाणी पाणी झालेलं असतं, तेव्हा तुझं कूलरचं पान वाचून जरा बरं वाटलं. त्या दिवसांत फोनवर काय येत होतं आठव. काढ्याचे उपाय, आकडे, अफवा, आणि टीव्हीवर २८ मार्चपासून पुन्हा लागलेल्या रामायणाची चर्चा. त्यात कुणीतरी मुंग्या निघालेल्या ताटीबद्दल लिहीत होतं. वाचणारीला वाटलं, ही आपल्यासारखीच कुठेतरी खोलीत घाम पुसत बसली आहे.

तुझ्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही. काम नसल्यामुळे लिहिणं होत असतं तर त्या दोन-तीन महिन्यांत अर्ध्या नागपूरच्या वह्या भरल्या असत्या. वेळ सगळ्यांकडे होता, बहुतेकांनी तो पत्त्यांत आणि मोबाइलवर घालवला. शिवाय तुझ्याच पानांत आहे की जूनपासून तू ऑनलाइन क्लास घेत होतीस, सकाळी सातपासून, मुलांचे कॅमेरे बंद आणि तू भिंतीला भागाकार शिकवतेय. तरी नऊचं पान चुकलं नाही. ते चुकलं नाही कारण नऊला कोणीतरी वाट बघत होतं, आणि आज काय सांगायचं याच्या शोधात तुझा दिवस सरत होता. उमेद आधी येते आणि मग माणूस लिहितो असा तुझा समज आहे. तुझ्या बाबतीत तरी ती वाट बघणाऱ्यांमुळे येत होती. म्हणून उमेद कुठून आणू हे मला विचारू नकोस, वाट बघणारं माणूस पुन्हा मिळव.

लाजेबद्दल एवढंच सांगते की तुला आठवण येते ती नऊ वाजताची. रोगाची येत नाही. यात वाईट काही नाही.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, ती तुझ्याच लक्षात आलेली दिसत नाही. नोकरी-संसारात लिहिणं सुटलं असं तू म्हणतेस. तुझ्याच तारखा लाव. नोकरी जून २०२२ ची. शेवटचं पान एप्रिल २०२१ चं. मधल्या चौदा महिन्यांत ना नोकरी होती ना संसार, तीच खोली, तेच क्लास, तीच यादी. तरी एक ओळ नाही. लिहिणं थांबलं ते मामा गेले तेव्हा, गं. नोकरी बिचारी फार नंतर आली.

त्या एप्रिलमध्ये नागपुरात काय होतं ते इथल्यांना सांगायची गरज नाही. मार्चमध्ये १५ तारखेपासून आठवडाभर कडक लॉकडाऊन होऊन गेला होता, आणि एप्रिलमध्ये बेडसाठी, ऑक्सिजनसाठी, रेमडेसिव्हिरसाठी घराघरांतून फोन चालले होते. तू मामांबद्दल पत्रात एकच वाक्य लिहिलंस. मानेवाड्याहून महाल म्हणजे अर्ध्या तासाचाही रस्ता नाही, आणि तुला शेवटचं जाता आलं की नाही, हे तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं नसेल आलं. ताट्यांतल्या मुंग्यांवर पानभर लिहिणारी मुलगी मामांवर एका वाक्यात थांबते, म्हणजे बाकीचं आत अडकलं आहे. तेवढं अडकलेलं असताना यादीला हसरं पान लिहायला बसलं की हात ‘नवी उमेद’सारख्या तयार वाक्यांकडेच जाणार.

तेव्हा पहिलं पान ते लिही, आणि ते कुणालाही पाठवू नकोस. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकेतल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉलेजच्या मुलांना त्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जबर धक्क्याबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी काय झालं आणि मनाला काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून उठल्यावर आधीपेक्षा वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. नंतर इतरांनीही असे पुष्कळ प्रयोग केले. फायदा दिसतो, पण बेताचा, सगळ्यांना सारखा नाही. म्हणून याला औषध समजू नकोस. चार दिवस, पंधरा मिनिटं, शुद्धलेखन न बघता. दुसऱ्या दिवशी रडू आलं तर येऊ दे. मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, दिवसच्या दिवस तसेच जायला लागले, तर लिहिणं बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन लाव. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मग मामींकडे जा. फोन नको, जाऊन ये, मुलीला घेऊन. मामा कसे होते हे त्यांच्या तोंडून ऐक. त्यातलं काही लिहून यादीला पाठवावंसं वाटलं तर आधी त्यांना वाचून दाखव. त्या नको म्हणाल्या तर नको. दुःख त्यांचंही आहे.

यादीचं काम त्यामानाने सोपं. जुन्या यादीवर एकदम काही टाकत बसू नकोस, त्याने पुन्हा चारच अंगठे येतील. दहा-पंधरा नावं निवड, ज्यांची उत्तरं तुला आजही आठवतात. प्रत्येकीला वेगळा मेसेज कर: मी अमुक, नऊ वाजताची, नंबर बदललाय, सेव्ह कराल का. चंद्रपूरच्या ताईंना पहिला. सिस्टरलाही कर, ती वाचली का, कशी आहे, हे तुलाही कळायला हवंच की. काही उत्तर देणार नाहीत. पाच वर्षांत माणसांची आयुष्यं कुठल्या कुठे जातात, त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

आणि रोजचा हट्ट सोड. रोज पान लिहिणं त्या दिवसांना शोभत होतं, तेव्हा सगळ्यांचेच दिवस सारखे होते आणि रात्री नऊनंतर कोणाला कुठे जायचं नव्हतं. आता आठवड्याला एक पुरे. गुरुवार घे नाहीतर रविवार, पण वार ठरव, आणि तो त्या दहा-पंधरा जणींना सांगून टाक, म्हणजे तुझी सुटका नाही. विषय शोधायला दूर जाऊ नकोस. मिहानहून परतताना सिग्नलवर तुझ्या स्कूटीशेजारी कोण थांबतं, तुझी पोर भाजीतला सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडून ताटाबाहेर कसा ठेवते, कंपनीतल्या एसीत शाल पांघरून बसणाऱ्या बायांना घरी गेल्यावर कूलर कसा सोसतो, असलं लिही. सुविचार म्हणून काही सुचलं की ते खोडून टाक.

राहिले तुझे यजमान. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ठरलेल्या वारी रात्री नऊ ते साडेनऊ मुलगी त्यांच्याकडे, एवढंच सांग. अडीच वर्षांच्या पोरीला एकट्याने झोपवून झालं की कोणाला काम आहे आणि कोणाला नाही, यावर तुम्ही दोघं निवांत बोलू शकाल.