फोंड्याहून विपश्यना शिबिराला जायचं आहे. फी किती, आणि बौद्ध असावं लागतं का?

फी नाही आणि बौद्ध असण्याचीही अट नाही. दहा दिवसांचं राहणं-जेवण जुन्या साधकांच्या दानातून चालतं. मी स्वतः दोन शिबिरं केली आहेत. फोंड्याहून हातकणंगले तालुक्यातलं आळत्याचं धम्मालय हे विपश्यना केंद्र सोयीचं पडेल: वास्कोहून गोवा एक्सप्रेसने मिरज, तिथून कोल्हापूरच्या गाडीने हातकणंगले. जागा आधी ऑनलाइन अर्ज करून मिळते, आयत्या वेळी जाऊ नका.

आरामाची सुट्टी मात्र समजू नका. पहाटे चारला घंटा होते, फोन जमा करावा लागतो, दहाव्या दिवसापर्यंत मौन. रात्रीचं जेवण नाही, नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा आणि फळं. पहिले तीन दिवस फक्त श्वासावर लक्ष, म्हणजे आनापान. विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना शांतपणे न्याहाळणं, चौथ्या दिवशी सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी पळावंसं वाटतं, तेव्हा थांबाच.

एकच सांगणं: मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात ते लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा आणि शिबिरासाठी गोळ्या स्वतःहून बंद करू नका.